उसवलेली माशी

मासा मी आजवर कधी खाल्लेला नाही. आमच्या घरी अंडंसुद्धा यायचं नाही, आणि आलं असतं तर आईने ज्या पातेल्यात ते उकडलं ते पातेलंच बोहारणीला दिलं असतं. तरीही मे महिना संपता संपता, ऊन उतरल्यावर, पेनसिल्व्हेनियातल्या ओढ्यातल्या ट्राउट माशाला काय खावंसं वाटतं हे मला चांगलं ठाऊक आहे. एका म्हाताऱ्या माणसाने ते मला शिकवलं. त्यांच्याशी मी जे वागले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी २००४ साली पीएच.डी.साठी गेले. विषय माती. तिघी मुलींत एक अपार्टमेंट, कॅम्पसची बस दारात, आणि हिंग संपला तर थेट पुढच्या महिन्यात कुणीतरी मोठ्या शहरात जाईल तेव्हा. माझ्याकडे एक जुनी गाडी होती, आणि आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत गाडी असलेली बिनलग्नाची मुलगी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. त्या वर्षीच्या गणपतीत एका मावशींनी मला कोपऱ्यात घेतलं. एक काका एकटे राहतात, डोळ्यांमुळे त्यांचं लायसन्स गेलंय, दर गुरुवारी त्यांना डॉक्टरकडे आणि मग ग्रोसरीला न्यायचं, एवढंच काम. मी हो म्हटलं, पण तोंड आंबट करून. मला कामाचा कंटाळा नाही, गृहीत धरण्याचा आहे.

काका साठच्या दशकात इंजिनिअर म्हणून आलेले. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी झाला होता आणि फक्त कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे तुमच्याशी बोलताना ते तुमच्या कानाकडे बघत. पहिल्या गुरुवारी मला वाटलं, माझ्या कानातल्यात काहीतरी बिघडलंय. गाडीत बसल्यावर त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एक, मी ब्रेक उशिरा मारते. दोन, दवाखान्यात त्यांच्याबरोबर आत यायची गरज नाही. तीन, त्यांची बायको फेब्रुवारीत गेली, तेव्हा तिच्याबद्दल हळू आवाजात बोलायचं नाही, नेहमीच्या आवाजात बोलायचं. मला हा माणूस तिथेच आवडला.

काकूंना मी कधी पाहिलं नाही. हॉलमध्ये फोटो होता, पण मला त्या कळल्या त्या बेसमेंटमध्ये. तिथे एक लांब टेबल, त्याला स्क्रूने बसवलेली एक लहानशी पकड, वर वाकवलेला दिवा, आणि भिंतीला लागून चाळीस-पन्नास खणांचं कपाट. खणांत पिसं, केस, लोकर, दोऱ्याच्या रिळा. प्रत्येक खणावर चिठ्ठी, काकूंच्या अक्षरात, मराठीत. ‘कोंबडा, मान, राखी.’ ‘ससा, कानामागचा.’ ‘बदक, कुशीचं.’ आणि जिथे रंगवलेली लोकर होती तिथे रंगांची नावं अशी: ‘जुनं तूप’, ‘चहा, दूध जास्त’, ‘फोडणी लागलेली’, ‘साय, दुसऱ्या दिवशीची’. मी ते वाचून हसले. काका म्हणाले, हस, पण पाण्यात तिच्या चिठ्ठ्याच बरोबर निघतात, दुकानातली नावं नाही.

गोष्ट अशी होती की काकांना इथे आल्यावर माशी लावून ट्राउट पकडायचा नाद लागला. गळावर खरा किडा लावायचा नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखी दिसणारी माशी बांधायची, ती पाण्यावर तरंगत सोडायची, मासा फसला की त्याला ओला हात लावून सोडून द्यायचं. काकूंना सुरुवातीला हा सगळाच वेडेपणा वाटला होता. न खायचा मासा कशाला धरायचा, आणि धरलेला का सोडायचा, असं त्या म्हणायच्या. पण काका बांधायचे त्या माश्या चार वेळा पाण्यात पडल्या की सुटायच्या, आणि सुटलेला दोरा बघणं काकूंना सहन होईना. त्यांचा हात क्रोशावर बसलेला. एके दिवशी त्यांनी काकांना उठवलं आणि स्वतः पकडीसमोर बसल्या. तीस वर्षं काकांनी दुसऱ्या कुणाच्या हातची माशी लावली नाही.

ओढ्याच्या तळाशी मेफ्लाय नावाचे किडे असतात. ते वर्ष-दोन वर्षं चिखलात काढतात आणि मग ठरावीक दिवसांत, ठरावीक वेळेला, सगळे एकदम वर येतात, पंख उघडतात, आणि दोन-तीन दिवसांत मरतात. पंख फुटल्यावर त्यांना तोंड म्हणून नसतंच, खायचं कामच उरलेलं नसतं. ते वर आले की ट्राउट वेडे होतात, पण वेडे होऊनही चोखंदळ राहतात. आज जो किडा वर येतोय तोच हवा, त्याच मापाचा, त्याच रंगाचा. म्हणून किडा बघून माशी बांधायची. या किड्यांत सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मानाचा म्हणजे ग्रीन ड्रेक. मे संपता संपता येतो आणि जेमतेम आठवडाभर टिकतो. त्या आठवड्यात आसपासच्या मोटेलांत खोली मिळत नाही.

पहिल्या वर्षी काकांनी मला ओढ्यावर नेलं, म्हणजे मीच त्यांना नेलं, तेव्हा माझ्या हातात एक पांढरी वाटी दिली आणि किडा धरायला लावला. मी धरला. पंख हिरवट, त्यावर काळ्या नक्षीच्या रेघा. मी म्हटलं, हिरवा आहे. काका म्हणाले, “वरून बघू नको. मासा खालून बघतो. उलटा कर.” उलटा केला तर पोट अजिबात हिरवं नव्हतं, मळकट पिवळसर पांढरं होतं. दुसऱ्या दिवशीची साय. काकू दर वर्षी पहिल्या संध्याकाळी अशी वाटी घेऊन बसायच्या, लोकरीचा पुंजका थुंकी लावून ओला करायच्या, कारण ओली झाली की लोकर गडद होते आणि मासा ओलीच बघतो, आणि मग किड्याच्या पोटाशेजारी धरून ठरवायच्या की यंदाची साय जरा जास्त तापलीये की कमी.

त्या वर्षी आम्ही पाच संध्याकाळी गेलो. काका कमरेएवढ्या पाण्यात उभे, मी मागे काठावर. त्यांना पाण्यावरची वर्तुळं दिसायची नाहीत, म्हणून मी घड्याळाच्या काट्यांनी सांगायचे. दहा वाजता, वीस फुटांवर. आता अकरा वाजता, झाडाच्या सावलीत. ते तिकडे लाईन टाकायचे आणि कान लावून ऐकायचे. मासा माशी घेतो तेव्हा एक बारीकसा आवाज होतो, बशीतला चहा ओढल्यासारखा. मला तो अजून नीट ऐकू येत नाही, त्यांना यायचा. त्या आठवड्यात काकूंच्या चार-पाच माश्या फांद्यांत आणि माशांच्या तोंडांत गेल्या. प्रत्येक गेलेल्या माशीनंतर काका थोडा वेळ गप्प उभे राहायचे, आणि मी घाई करायचे, “काका, नऊ वाजता, मोठा आहे.” माझ्या ते लक्षात यायला हवं होतं.

हिवाळ्यात मी बांधायला शिकले. काका शेजारी बसून तोंडाने सांगायचे, मी हाताने करायचे. माझी बोटं बरी आहेत. आई नगरला विणकामाचे क्लास घ्यायची आणि तिची शिकवायची एकच पद्धत होती: उसवून बघ. एखाद्या बाईच्या अंगात नवीन डिझाइनचा स्वेटर दिसला की आई तो मागून आणायची, खालची चार बोटं पट्टी उसवायची, टाका टाका मोजायची, आणि परत जशीच्या तशी विणून द्यायची. कुणाला कळायचंही नाही. पुस्तकात बघून शिकलेलं आठवडाभर टिकतं, उसवून शिकलेलं जन्मभर, असं ती सांगायची. मी लहानपणापासून हातात येईल ते उसवत आले. कुणाची नक्कल करायची तर ती वस्तू शेवटपासून सुरुवातीपर्यंत मोकळी करायची, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की त्याला दुसरा मार्ग असतो हेच मला माहीत नव्हतं.

२००६ च्या मार्चमध्ये काकांची मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून आली. माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी ताई म्हणायचे. इथेच वाढलेली, मराठी कळायचं, बोलताना अर्धं इंग्लिश. तिने चार दिवसांत सगळं ठरवलं. घर विकायचं, ऑगस्टमध्ये काकांनी तिच्याकडे जायचं. ती काही वाईट नव्हती. गॅस चालू राहिला होता दोनदा, आणि ते मलाही माहीत होतं. काका तिच्यासमोर काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी गाडीत म्हणाले की तिच्या घराजवळ तळं आहे म्हणे, तळ्यात बदकं आहेत. मग बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले, म्हणजे त्यांना दिसत नव्हतं तिकडे तोंड करून बसले.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी मला एक डबी दिली. औषधाच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी, आत कापूस, कापसावर एक ग्रीन ड्रेकची माशी. पंख बदकाच्या कुशीचे, शेपटीला काळे केस, पोट सायीच्या रंगाचं, त्यावर बारीक तपकिरी दोऱ्याचे तिरके वेढे. इतकी नीट की श्वास लागला तर उडेल असं वाटावं. त्यांनी सांगितलं, ही बघून सहा बांध, यंदा शेवटची खेप आहे, हिच्यासारख्या हव्यात. “आणि ही परत दे,” म्हणाले. मी म्हटलं, देते की.

हे सगळं मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण नंतर मी स्वतःला खूपदा सांगितलं की त्यांनी स्पष्ट बोलायला हवं होतं. ते स्पष्टच बोलले होते. ‘ही परत दे’ म्हणाले होते.

शनिवारी सकाळी मी डेस्कवर पकड बसवली, माशी तिच्यात लावली, आणि उसवायला घेतली. आधी डोक्याजवळची गाठ, मग मानेचं पीस, मग पंख. एकेक थर सोडवायचा आणि कागदावर लिहायचं. एक गोष्ट खटकली होती. दोरा सोडवताना तो माझ्या बाजूला यायला हवा होता, तो पलीकडे जात होता. मला वाटलं, मीच गळ पकडीत उलटा लावलाय. त्याचा मी विचार केला नाही, माझं लक्ष वेढे मोजण्यात होतं. पोटाखाली लोकरीच्या आत काकूंनी गळाच्या दांड्याला एक मऊ पांढरा दोरा पक्का गुंडाळला होता, लोकर घसरू नये म्हणून. दुकानातल्या रिळेचा नव्हता. बहुतेक त्यांच्या एखाद्या पातळाच्या काठाचा असावा. वा, म्हटलं, काय युक्ती आहे. तासाभरात माझ्यासमोर एक उघडा गळ, दोऱ्यांची गुंतवळ आणि चिमूटभर पिसं पडलेली होती. मला मनापासून आनंद झालेला होता. मी दुपारपर्यंत सहा माश्या बांधल्या.

सातवी, म्हणजे परत द्यायची, बांधायची काही गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं. कपाटभर डब्या होत्या, त्यांत काकूंच्या अशा डझनभर असतील, त्यातली एक कापसावर ठेवली की झालं. रविवारी फोन करून मी सहज विचारलं, काका, ग्रीन ड्रेकच्या बाकीच्या कुठल्या खणात आहेत. ते म्हणाले की बाकीच्या नाहीत. जायच्या आधीच्या मेमध्ये तिला बसवतसुद्धा नव्हतं, तरी तिने हट्टाने बारा बांधल्या होत्या, ही त्यातली शेवटची. मागच्या वर्षी बाकीच्या संपल्या. ही पाण्यात घालायची नाही, ही तिकडे न्यायचीये. मग त्यांनी विचारलं, चालू आहे ना काम. मी म्हटलं, हो, मस्त चाललंय.

मी त्यांना तेव्हाच सांगू शकले असते. का नाही सांगितलं याची उत्तरं मी पुष्कळ तयार केली. मोठ्या माणसाला वाईट वाटेल असं सांगायचं नाही, ही आपल्याकडची शिकवण. माझे वडील आजारी होते तेव्हा माझी परीक्षा होती म्हणून मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना वाटलं होतं की त्यांनी माझ्यावर उपकारच केले. पण खरं उत्तर साधं होतं. मी घाबरले. मी आईची मुलगी होते, उसवलेलं परत जसंच्या तसं करून देणारी, आणि कुणाला कळणारही नाही अशी माझी खात्री होती.

त्या संध्याकाळी मी सातवी माशी काकूंच्याच गळावर बांधायला बसले. त्यांचाच दोरा वापरायला गेले तर तो जागोजागी तुटला, म्हणून नवीन घेतला. लोकर ओली करून बघितली. पंखांना जुनेपणा यावा म्हणून गार चहात बुडवून टिपकागदावर वाळवले. दिसायला हुबेहूब होती, अगदी शपथेवर सांगते. मग मी ती डबीत कापसावर ठेवली आणि डेस्कवरची गुंतवळ, काकूंचा तो तपकिरी दोरा, पातळाचा पांढरा धागा, पिसं, सगळं एका टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात टाकलं. पुरावा नको म्हणून. आमच्याकडे कचरा सोमवारी सकाळी न्यायचे, आणि त्या सोमवारी मी खिडकीत उभी राहून ट्रक गेल्याची खात्री करून घेतली.

गुरुवारी मी काकांना सहा माश्या आणि डबी दिली. सहा माश्यांवरून त्यांनी बोटं फिरवली, शाबासकी दिली. मग डबी उघडली, माशी अंगठा आणि बोटात धरली, पोटावरून अंगठ्याचं नख एकदा पुढे आणि एकदा मागे नेलं. कडेच्या नजरेने तिच्याकडे पाहिल्यासारखं केलं. डबी बंद करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, चहा टाक. मी चहा टाकला. माझा चेहरा त्यांना दिसणं शक्य नव्हतं, याचं मला बरं वाटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ओढ्यावरून फोन फिरले की हॅच आलंय, म्हणजे किडे वर यायला लागलेत. आम्ही गेलो. हवा दमट होती, पाणी चहाच्या रंगाचं, आणि किडे इतके की माझ्या केसांत, गाडीच्या काचेवर, काकांच्या टोपीवर सगळीकडे. मी वाटी काढली, एक उलटा केला. काकांनी विचारलं, कशी आहे साय. मी सांगितलं, मागच्या वर्षीपेक्षा पातळ. ते हसले. मग त्यांनी जाकिटाच्या कापडावर टोचून ठेवलेल्या माझ्या सहा माश्यांना हात न लावता खिशातली डबी काढली, आणि बोटांनी चाचपत ती माशी लाईनला बांधायला लागले.

मी पुढे झाले. “काका, ती नको. ती हरवेल. ती काकूंची आहे.”

त्यांनी गाठ पुरी केली, ओठांनी ओली करून ओढली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “ही तिची नाही गं. ती डावरी होती.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग ते पलीकडे जाणारे वेढे आठवले. डावखुऱ्या माणसाच्या हातून दोरा उलट्या अंगाने गुंडाळला जातो, पोटावरचे तिरके वेढे उलट्या बाजूला कलतात. दिसायला जवळजवळ काही फरक नसतो. पण तीस वर्षं ज्याने त्या वेढ्यांवरून नख फिरवलंय, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. गुरुवारी डबी हातात घेतली तेव्हाच त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी मला चहा टाकायला सांगितला होता.

ते पाण्यात उतरले. मी काठावर उभी राहिले. वर्तुळं दिसत होती, पण मी आकडे सांगितले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मागे न वळता विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, साडेदहा. तीस फूट. त्यांनी टाकली. माशी हलकेच बसली, चांगली तरंगली, माझी माशी. मासा आला, त्यांनी तो ऐकला, रॉड उचलला. मोठा होता. त्याला थकवायला दहा मिनिटं गेली. मी पाण्यात उतरून जाळं धरलं. तपकिरी पाठ, तांबडे ठिपके, आणि जबड्याच्या कोपऱ्यात ती चहात बुडवलेली माशी. काकांनी ओल्या हाताने ती सोडवली आणि मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला, तो शुद्धीवर येऊन निघून जाईपर्यंत.

काठावर आल्यावर ते दगडावर बसले. मी खाली मान घालून उभी होते. माफी मागायची होती, पण त्यांनी मला ती मागू दिली नाही.

“उसवलीस ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला वाटलंच. शिकायला उसवावं लागतं. तीसुद्धा माझी पहिली माशी उसवूनच शिकली.” मग त्यांनी विचारलं, “तिचा दोरा ठेवलायस ना?”

रागावले असते तर मी खरं बोलले असते. ते रागावले नव्हते. त्यांनी तोंड माझ्या कानाकडे वळवलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी म्हटलं, “हो काका. ठेवलाय. पाकिटात.”

त्यांनी मान डोलावली. तो पांढरा सापडला का, असं विचारलं. मी म्हटलं, सापडला. ते म्हणाले की तिच्या लग्नातल्या पातळाचा होता, दर माशीत एक धागा घालायची, फाटलेल्या पातळाचं काहीतरी व्हायला हवं म्हणून. मग म्हणाले, “मला नको देऊस. तिकडे माझ्या हातून हरवेल. तुझ्याकडे राहू दे.”

ऑगस्टमध्ये ते ताईकडे राहायला गेले. कपाटातले खण मावशींनी कुणाकुणाला वाटले. मला चिठ्ठ्या हव्या होत्या, पण मागायला तोंड नव्हतं. पुढची दोन वर्षं मे संपत आला की बेलव्ह्यूहून फोन यायचा. हॅच आलं का, पाणी किती आहे, साय कशी आहे. मी एकटीच ओढ्यावर जायचे, किडा उलटा करून बघायचे आणि सांगायचे. फोनच्या शेवटी ते विचारायचे, दोरा आहे ना नीट. मी सांगायचे, आहे. दोन्ही वर्षी मी हेच सांगितलं, आणि दोन्ही वर्षी त्यांचा आवाज त्यानंतर मोकळा झालेला मला ऐकू आला. त्या आवाजासाठी मी आणखी दहा वर्षंही खोटं बोलले असते.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये, दुपारी लॅबमध्ये असताना, ताईचा फोन आला. काका चार दिवसांपूर्वी गेले होते. झोपेतच. तिने मला ते शांतपणे सांगितलं, आणि मग म्हणाली, “बाबांनी मला सांगितलं होतं, तुझ्याकडे आईचा थ्रेड आहे. वेडिंग सारीचा. त्यांना तो त्यांच्या अ‍ॅशेसबरोबर हवा होता. तू ओव्हरनाइट मेल करू शकशील का? आम्ही संडेला विसर्जन करतोय.”

माझ्या डेस्कच्या खणात पांढऱ्या दोऱ्याची रीळ होती. दोन इंच कापून पाकिटात घातला असता तर पृथ्वीवर कुणालाही कळलं नसतं. आता नख फिरवणारं कुणी उरलं नव्हतं. मी रीळ हातात घेतलीसुद्धा.

मग मी ताईला सांगितलं की तो माझ्याकडे नाही. हरवला नाही, मी टाकून दिला, अडीच वर्षांपूर्वी, आणि काकांना दर वेळी आहे म्हणून सांगत आले. मी पुष्कळ बोलले असणार, कारण शेजारच्या बाकावरची मुलगी उठून बाहेर गेली. ताईने मला मध्ये अडवलं नाही. मागे कुणीतरी भांडी लावत होतं, ते ऐकू येत होतं.

“ओके,” ती म्हणाली. “मग मी कलश बंद करते. मी उघडा ठेवला होता.”

फोन ठेवताना तिने मला थँक्यू म्हटलं.